मोठ्या लॉनला पाण्यातून नत्र द्यायचंय? आधी गुंठे मोजा

मंगल कार्यालयाचं लॉन असो, फार्महाऊसचं असो नाहीतर सोसायटीचं मोठं मैदान, खताची वेळ आली की बहुतेक ठिकाणी एकच पद्धत दिसते. माळी घमेल्यात खत घेतो, मुठीने फेकत चालतो आणि आठ दिवसांनी कुठे गडद हिरवे ठिपके, कुठे जळलेले चट्टे आणि मधेमधे पिवळं होतं तसंच पिवळं. खत वाईट नव्हतं, माळीपण वाईट नव्हता, फक्त हाताने फेकलेलं खत दहा-वीस गुंठ्यांवर सारखं पडणं कठीण असतं. पाण्यात विरघळवून दिलं तर हे टळतं, पण त्यासाठी थोडं मोजमाप करावं लागतं आणि नेमकं तेच लोक टाळतात. म्हणून सगळं आकड्यांसकट लिहितोय, वही घेऊन बसा.

सगळ्यात आधी लॉन नत्रासाठीच, म्हणजे नायट्रोजनसाठीच, उपाशी आहे का ते बघा. नत्र कमी पडलं की जुनी, खालची पाती आधी पिवळी पडतात, वाढ मंदावते, कटिंग केल्यावर मशीनच्या पेटीत फारसं काही जमत नाही. उलट नवीन कोवळी पाती पिवळी-पांढरट आणि जुनी मात्र हिरवी असं दिसत असेल तर ते बहुतेक लोहाचं काम आहे, आणि आपल्याकडच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत हे फार सापडतं. तिथे कितीही नत्र द्या, पिवळेपणा जात नाही, उलट वाढ जोरात होते आणि लोह अजूनच कमी पडतं. खात्री करायची सोपी रीत अशी की पाच बाय पाच फुटाचे दोन चौकोन आखा, एकावर नत्राचं पाणी मारा, दुसऱ्यावर फेरस सल्फेटचं, लिटरला ५ ग्रॅम आणि त्यात १ ग्रॅम सायट्रिक अॅसिड, आणि पाचेक दिवस थांबा. जो चौकोन हिरवा झाला तिकडे तुमचं उत्तर आहे. फेरस सल्फेट मारताना पेव्हर ब्लॉक आणि फरशी सांभाळा, त्याचे तांबूस डाग पडले की घासून जात नाहीत. माती परीक्षण कृषी विज्ञान केंद्रात होतं, लॉन मोठं असेल तर ते एकदा करून घ्याच.

आता क्षेत्रफळ. लॉनची लांबी-रुंदी फुटात मोजा, गुणाकार करा, १०८९ ने भागा, गुंठे आले. समजा २०० फूट बाय ११० फूट आहे, म्हणजे २२,००० चौरस फूट, साधारण २० गुंठे, अर्धा एकर. त्यातून स्टेज, कारंजं, पायवाटा वजा करा. डोळ्याने अंदाज घेऊ नका, मोकळं लॉन नेहमी असतं त्यापेक्षा मोठं वाटतं आणि मग खत जास्त जातं.

डोस आपण नत्राच्या ग्रॅममध्ये ठरवायचा, खताच्या किलोमध्ये नाही, कारण प्रत्येक खतात नत्राचे टक्के वेगळे. यूट्यूबवर अमेरिकेतले लॉनवाले हजार चौरस फुटाला एक पौंड नत्र म्हणतात, ती एका वेळी द्यायची वरची मर्यादा असते. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम आणि आपला गुंठा १०८९ चौरस फुटाचा, म्हणजे त्यांचा आकडा आपल्याकडे गुंठ्याला अर्धा किलो नत्राच्या आसपास बसतो. पातळ खत देताना एवढं एकदम द्यायचं नाही. त्याचा चौथा हिस्सा घ्यायचा, गुंठ्याला १२५ ग्रॅम नत्र, आणि वाढीच्या दिवसात दर पंधरा दिवसांनी. हे बर्म्युडा जातीच्या लॉनसाठी, म्हणजे सिलेक्शन वनसारखं हरळीच्या कुळातलं जे असतं त्यासाठी. कोरियन किंवा मेक्सिकन म्हणतात ते बारीक गवत सावकाश वाढतं, त्याला याच्या निम्मं पुरे. झाडाच्या सावलीतल्या पट्ट्यालापण निम्मंच. आणि हो, ते व्हिडिओ बघून त्यांचं वेळापत्रक उचलू नका, तिकडे बऱ्याच भागात थंडीत वाढणारं गवत असतं, फेस्क्यू, केंटकी ब्लूग्रास वगैरे, त्यांना पानगळीच्या दिवसात भरपूर खत देतात, आपल्या गवताची रीत एकदम वेगळी आहे. टेक्सास, जॉर्जियाकडे आपली जी मंडळी राहतात त्यांच्या अंगणात मात्र बऱ्याचदा बर्म्युडा असतो, तसं असेल तर त्यांचं बघितलं तर चालेल.

खत कुठलं घ्यायचं? युरिया सगळ्यांना माहितीय, ४६ टक्के नत्र, म्हणजे १२५ ग्रॅम नत्रासाठी २७० ग्रॅम युरिया. हे गणित समजायला सांगितलं, कारण अनुदानाचं ४५ किलोचं निम-कोटेड पोतं शेतकऱ्याला पॉस मशीनवर अंगठा देऊन शेतीसाठी मिळतं, लग्नाच्या लॉन्सचा धंदा किंवा सोसायटीचं मैदान यासाठी ते उचलायचं नाही. खरीप तोंडावर असताना गावात युरियासाठी रांगा लागतात आणि तेच पोतं कुणाच्या शोभेच्या गवतावर जातं हे मला अजिबात पटत नाही. बिनअनुदानित विद्राव्य खतं मिळतात, ती घ्या, थोडी महाग पडतात पण हिशोब सरळ राहतो.

त्यात मला कॅल्शियम नायट्रेट आवडतं. १५.५ टक्के नत्र, म्हणजे गुंठ्याला ८०० ग्रॅम. त्यातलं नत्र जवळपास सगळं नायट्रेट रूपात असतं, त्यामुळे ते गवताला लगेच मिळतं आणि उन्हाळ्यात वायू होऊन उडून जात नाही. युरियाचं तसं नाही, तो गरम आणि विम्लधर्मी मातीवर उघडा पडून राहिला तर त्याचा अमोनिया होऊन बराचसा हवेत जातो. दुसरा पर्याय युएएन ३२, म्हणजे युरिया अमोनियम नायट्रेट, ३२ टक्के नत्राचं, हे खत मुळातच पातळ येतं, अर्धं नत्र युरियाचं, पाव अमोनियमचं, पाव नायट्रेटचं. लिटरचं वजन साधारण १.३ किलो, म्हणजे एका लिटरमध्ये ४२० ग्रॅमच्या आसपास नत्र, गुंठ्याला ३०० मिली पुरतं. विरघळवायची कटकट नाही, पण पातं लवकर भाजतं, लगेच पाण्याने धुवायलाच पाहिजे. १९:१९:१९, म्हणजे नत्र, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) सारख्याच टक्क्यांचं खत, कायम देऊ नका. नत्राच्या नादात तेवढंच स्फुरद दर वेळी जातं, ते मातीत साठतं आणि लोहाची कमतरता अजून वाढवतं. नवीन लॉन लावताना एक-दोनदा ठीक आहे.

नॅनो युरियाबद्दल खूप जण विचारतात. इफकोने २०२१ मध्ये आणलेली पहिली ५०० मिलीची बाटली ४ टक्क्यांची होती, म्हणजे एका बाटलीत २० ग्रॅम नत्र. आपल्याला एका गुंठ्याला एका वेळी १२५ ग्रॅम हवंय. त्यानंतर जास्त टक्क्यांची बाटली पण आलीय, तेव्हा घेताना लेबलवरचे टक्के वाचा आणि हाच गुणाकार करा. वरून थोडी तरतरी आणायला फवारायची असेल तर फवारा, लॉनचं पोट मात्र त्यावर भरत नाही. जीवामृत देत असाल तर चालू ठेवा, मातीला ते चांगलं, फक्त त्यातलं नत्र मोजून मापून येत नाही म्हणून या हिशोबात धरू नका.

आता मिश्रण. २०० लिटरचा प्लास्टिकचा ड्रम घ्या, लोखंडी नको, गंजतो. आपण गुंठ्याला ४० लिटर पाणी धरतोय, म्हणजे एक ड्रम पाच गुंठ्यांना. पाच गुंठ्यांचं कॅल्शियम नायट्रेट ४ किलो, म्हणजे द्रावण २ टक्क्यांचं झालं. युएएन असेल तर दीड लिटर. खत ड्रममध्ये थेट ओतू नका, आधी बादलीत विरघळवा. विरघळताना बादली एवढी गार पडते की बाहेरून पाणी सुटतं आणि हात आत घातला तर झिणझिण्या येतात, खत आजूबाजूची उष्णता ओढून घेतं म्हणून असं होतं, आणि पाणी गार झालं की उरलेलं खत विरघळायला आणखी वेळ लागतो. म्हणून टाकीतलं उन्हाने कोमट झालेलं पाणी घ्या, खत थोडं थोडं टाका, काठीने ढवळत राहा आणि तळाला खडे लागायचे थांबले की मगच ड्रममध्ये ओता, तेही सुती फडक्यातून गाळून. गाळणं चुकवू नका, नोझल बुजलं की फवारा एका बाजूला फाटतो आणि त्या पट्टीत खत जात नाही, हे कळतं आठ दिवसांनी. कॅल्शियम नायट्रेटच्या ड्रममध्ये १२:६१:०० (स्फुरदाचं विद्राव्य खत) किंवा सल्फेटवालं कुठलंही खत मिसळू नका, दूध नासल्यासारखं फुटकं होतं आणि तळाला जिप्समचा नाहीतर फॉस्फेटचा साका बसतो. फेरस सल्फेटची फवारणी म्हणूनच वेगळ्या दिवशी. उरलेल्या पिशवीचं तोंड घट्ट बांधा, हे खत हवेतला ओलावा खेचून चिखल होतं.

तणनाशक मारलेला पंप यासाठी वापरू नका. ग्लायफोसेट एकदा पंपात गेलं की वॉशर, पाइप, गाळणी सगळीकडे त्याचा अंश राहतो आणि ते गवतच मारायला बनवलंय. खताचा पंप वेगळा ठेवा, त्यावर ऑइल पेंटने मोठ्या अक्षरात लिहा. शेतावर चार लोक पंप उचलतात, प्रत्येकाला विचारत बसता येत नाही.

दोन-चार गुंठ्यांसाठी पाठीवरचा १६ लिटरचा बॅटरी पंप चालतो, पण वीस गुंठ्यांना एचटीपी पंप (जास्त दाबाचा फवारणी पंप), लांब पाइप आणि गन लागते. नोझल मोठ्या थेंबाचं घ्या, फ्लड जेट किंवा फ्लॅट फॅन, द्राक्षबागेत औषध मारायचं बारीक धुक्याचं नोझल इथे उपयोगाचं नाही, आपल्याला पानावर धुकं नकोय, मातीपर्यंत पाणी पोचवायचंय.

या सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे चालायचा वेग ठरवणं, आणि ते साध्या पाण्यावर करायचं. पंप चालू करा, गन १५ लिटरच्या बादलीत धरा आणि मोबाइलवर वेळ लावा. समजा दीड मिनिटात बादली भरली, म्हणजे मिनिटाला १० लिटर. आपल्याला गुंठ्याला ४० लिटर टाकायचंय, म्हणजे एक गुंठा चार मिनिटांत संपला पाहिजे. आता ३३ फूट बाय ३३ फुटाचा चौकोन सुतळी आणि खुंट्यांनी आखा, तो बरोबर एक गुंठा. त्यात साधं पाणी मारत चाला, दोन मिनिटं उभे पट्टे, दोन मिनिटं आडवे. पहिल्यांदा हमखास वेळ चुकते, कुणी दोन मिनिटांत उरकतो, कुणी सहा लावतो. जो माणूस खत मारणार त्याच्याकडूनच हे करून घ्या, कारण चाल त्याची आहे, आणि पाय बसेपर्यंत खताला हात लावू नका. उभं-आडवं दोनदा मारायचं कारण असं की एका दिशेत राहिलेली फट दुसऱ्या दिशेत भरून निघते. लॉनवर दर ३३ फुटांवर कडेला चुन्याची खूण करून ठेवली की माणसाला गुंठा कुठे संपला ते दिसतं. एक जण गन धरेल, दुसऱ्याने पाइप ओढायचा, नाहीतर पाइप ताज्या ओल्या गवतावर फरफटतो आणि गनवाल्याची चाल बिघडते.

मारताना माळी विचारणारच, दादा अजून थोडं टाकू का पाण्यात, एवढ्याने काय होतंय. नको म्हणायचं. पंधरा दिवसांनी परत द्यायचंच आहे.

दोन टक्क्यांचं द्रावण पातीवर वाळू द्यायचं नाही. पाच-सहा गुंठे झाले की लगेच मागून स्प्रिंकलर चालू करायचे, अर्ध्या तासाच्या आत. किती पाणी? एका गुंठ्यावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण १०० लिटर. आपल्याला ४ ते ५ मिलिमीटर हवं, म्हणजे गुंठ्याला ४००-५०० लिटर, वीस गुंठ्यांना १० हजार लिटरचा एक टँकर. तेवढं पाणी हाताशी नसेल तर त्या दिवशी खत देऊ नका. मे महिन्यात विहिरीने तळ गाठलेला असताना लॉनला नत्र देऊन वाढायला लावणं म्हणजे त्याला आणखी तहान लावणं, तेव्हा गवत पिवळसर राहिलं तरी राहू द्या, पाऊस पडला की ते उठतं. पाणी जास्त सोडणंही वाईट. बहुतेक लॉन मुरमावर लाल मातीचा थर टाकून केलेलं असतं, त्यातून नायट्रेट सरळ खाली निघून जातं आणि पुढे बोअरमध्ये उतरतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि फार्महाऊसवर बहुतेक त्याच बोअरचं पाणी माणसं पितात, हे लक्षात ठेवूनच डोस आणि पाणी दोन्ही आवरतं घ्या.

ज्यांच्याकडे पॉप-अप स्प्रिंकलर बसवलेले आहेत ते व्हेंचुरीतून, म्हणजे पाण्याच्या दाबावर खत लाइनमध्ये ओढून घेणाऱ्या जोडणीतून, खत सोडू शकतात, ठिबकवाल्यांना हे नवीन नाही. फक्त आधी पाणी सारखं पडतंय का ते तपासा. घरातल्या एकसारख्या स्टीलच्या वाट्या लॉनभर मांडा, पंधरा मिनिटं स्प्रिंकलर चालवा आणि वाट्यांमधलं पाणी पट्टीने मोजा. एका वाटीत ३ मिलिमीटर आणि दुसरीत ९ असेल तर खतपण त्याच हिशोबाने पडणार, अशा वेळी आधी नोझल आणि प्रेशर दुरुस्त करा, तोवर गननेच द्या. पाणी सारखं पडत असेल तर पहिली काही मिनिटं नुसतं पाणी, लाइनला प्रेशर आलं की खत, आणि शेवटी दहा मिनिटं परत नुसतं पाणी, म्हणजे पातीपण धुतली जाते आणि पाइपपण. लाइनवर एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, हवाच. मधेच लाइट गेली आणि एनआरव्ही नसला तर खताचं पाणी उलटं विहिरीत जाऊ शकतं.

वेळ सकाळची बरी, दव सुकल्यावर नऊच्या आत संपवा. संध्याकाळी दिलं तर गवत रात्रभर ओलं राहतं आणि दमट दिवसात बुरशी धरते. वारा असेल तर थांबा. कटिंग दोन दिवस आधी झालेलं असू द्या, खत दिल्यावर पुन्हा दोन-तीन दिवस मशीन फिरवू नका.

वर्षाचं म्हणाल तर फेब्रुवारी संपता संपता ऊब वाढली की सुरू करायचं. पावसाळ्यात उघडीप बघून निम्मा डोस, आभाळ गच्च भरलेलं असताना दिलेलं खत ओढ्याला जातं, कोकणात आणि गोव्यात तर जुलैत न दिलेलंच बरं. लग्नाचे लॉन्स चालवणाऱ्यांसाठी ऑक्टोबर सगळ्यात मोलाचा, तुळशीच्या लग्नानंतर तारखा सुरू होतात आणि मग गवतावर खुर्च्या, कार्पेट, हजार माणसांची वर्दळ. तारखेच्या दहा-बारा दिवस आधी शेवटचा नत्राचा डोस, त्याच्याही नंतर दिलं तर पाती लुसलुशीत होते आणि पायाखाली लगेच चुरगळते. त्याआधी एखादा डोस १३:०:४५ चा (पोटॅशियम नायट्रेटचा) दिला तर पालाशने गवत जरा चिवट होतं. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे थंडी उतरली की बर्म्युडा झोपतो, तेव्हा नत्र बंद.

जनावरांचं नीट वाचा. युरियाचं किंवा युएएनचं पाणी गाई, म्हशी, शेळीने प्यायलं तर पोटात अमोनिया तयार होऊन जनावर तासाभरातही दगावू शकतं. कालवलेली बादली झाकल्याशिवाय सोडायची नाही, ड्रम धुतलेलं पाणी खळग्यात साचू द्यायचं नाही. चुकून प्यायलं तर डॉक्टरांना तेव्हाच फोन करा, वाट बघू नका. खत दिल्यानंतरच्या पहिल्या कटिंगचं गवत शेळ्यांना घालू नका, ते तिथेच लॉनवर बारीक पसरून टाका, त्यातलं नत्र परत मातीत जातं आणि पुढचा डोस थोडा कमी करता येतो. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा माळ्याला तुम्ही आणून द्या, तो मागणार नाही.

चार-पाच दिवसांत रंग फिरायला लागतो. पातीची टोकं तपकिरी झाली असतील तर पाणी उशिरा सुटलं किंवा कमी पडलं, त्या भागाला दोन दिवस नुसतं हलकं पाणी द्या आणि पुढच्या वेळी तिथे डोस निम्मा करा. हिरवे-पिवळे पट्टे दिसले तर नोझल उघडून बघा आणि चालायची वेळ परत लावा. वहीत तारीख, खत, गुंठ्याला किती आणि पाऊस झाला का एवढं लिहा, पुढचा डोस त्या वहीवरूनच ठरवायचा.